फ्रोझन शोल्डरसाठी इंजेक्शन: आधी काय तपासायचं, त्या दिवशी काय विचारायचं आणि नंतरचे सहा आठवडे कसे वापरायचे

खांद्यात इंजेक्शन घेतलं, दुखणं थांबलं, दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झालं आणि हात मात्र होता तिथेच अडकलेला. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना ही तक्रार मी सतत ऐकते. अशा वेळी बहुतेकदा इंजेक्शन चुकलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो. सांध्यात दिलेलं स्टिरॉइड सूज आणि वेदना कमी करतं. पण फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण आक्रसून जाड झालेलं असतं, आणि हात न हलवता ते मोकळं होत नाही. इंजेक्शनमुळे आपल्याला कमी वेदनेची काही आठवड्यांची मुदत मिळते. ती मुदत व्यायामात गेली तरच फायदा पदरात पडतो. म्हणून व्यायाम कोणाकडे शिकायचा, कधी सुरू करायचा, दिवसातून केव्हा करायचा, हे इंजेक्शनची तारीख घेण्याआधी ठरलेलं हवं.

सुई कशी टोचावी हे इथे सांगितलेलं नाही, ते डॉक्टरांचं काम आहे. रुग्णाने आणि घरच्यांनी काय करायचं, तेवढंच इथे आहे.

## १. दुखणं फ्रोझन शोल्डरचंच आहे का, हे आधी ठरवून घ्या

खांदा दुखतो म्हणजे फ्रोझन शोल्डर, असं नसतं. स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटलेला असू शकतो, त्यात कॅल्शियम साठलेलं असू शकतं, मानेतली नस दबलेली असू शकते, सांधा झिजलेला असू शकतो. प्रत्येकाचा उपचार वेगळा.

घरी करता येईल अशी एक साधी पाहणी आहे. आरशासमोर उभे राहा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा आणि काटकोनात वाकवा, अंगठे वर. आता कोपरं न हलवता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा. चांगला हात सहज बाहेर जातो. फ्रोझन शोल्डरचा हात बराच आधी थांबतो. आता घरातल्या कोणाला तरी तोच हात हळूच आणखी बाहेर न्यायला सांगा. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्यानेही तो पुढे जात नाही. स्वतःला जमत नाही पण दुसऱ्याने नेला तर जातो, असं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तेव्हा स्नायूबंध फाटल्याची शंका घ्यावी लागते.

ही पाहणी निदान नव्हे. निदान डॉक्टर हात तपासून करतात आणि सोबत एक्स-रे काढायला सांगतात. फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे बहुधा नॉर्मल येतो. "एक्स-रेत काही निघालं नाही, पैसे वाया गेले" असं अनेकजण म्हणतात, पण झीज, कॅल्शियम, निखळलेला सांधा किंवा हाडाचा आजार नाही हे पाहण्यासाठीच तो काढलेला असतो. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही.

आपल्याकडे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं लागतं: खांद्याचा क्षयरोग. त्याचा एक कोरडा प्रकार असतो. त्यात पू नसतो, फारशी सूजही नसते, नुसता खांदा आखडत जातो आणि दंडाचे स्नायू रोडावतात. वरवर पाहता तो हुबेहूब फ्रोझन शोल्डर वाटतो. अशा सांध्यात स्टिरॉइड गेलं तर रोग बळावतो. संध्याकाळी कणकण, वजन घटणं, भूक मंदावणं, घरात कोणाला टीबी झालेला असणं, यातलं काहीही असेल तर इंजेक्शनआधी ते बोलून घ्या.

सावधान: डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, दम, घाम किंवा जबड्यात कळ असेल तर ते खांद्याचं दुखणं समजू नका. तडक इमर्जन्सीत जा.

पुढे जाण्याआधी तपासा: डॉक्टरांनी प्रत्यक्ष हात हलवून तपासला का? एक्स-रे झाला का? दोन्हींचं उत्तर 'हो' नसेल तर इंजेक्शनची घाई नको.

## २. अवस्था कोणती, यावर इंजेक्शनचा उपयोग ठरतो

पहिल्या अवस्थेत वेदना जास्त असते. काही न करताही खांदा ठणकतो, त्या कुशीवर झोपता येत नाही, कूस बदलताना जाग येते. हळूहळू मागे हात नेऊन हुक लावणं, अंबाडा घालणं, मागच्या खिशातून पाकीट काढणं बंद होतं. ही अवस्था साधारण २ ते ९ महिने चालते. दुसऱ्या अवस्थेत ठणका ओसरतो, पण हात जखडलेला राहतो आणि दुखतं ते फक्त शेवटच्या टोकाला. तिसऱ्यात हात हळूहळू सुटत जातो. हे सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात, आणि काहींना थोडा ताठपणा कायमचा राहतो.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा सर्वात जास्त फायदा पहिल्या अवस्थेत होतो. नेमकी इथेच लोकांची वेळ चुकते. सुरुवातीचे सहा महिने बाम, मालिश आणि मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांवर काढतात. ठणका कमी झाला पण हात वर जात नाही, अशा वेळी इंजेक्शन मागायला जातात. तोवर सूज ओसरून आवरण घट्ट झालेलं असतं आणि औषधाला करण्यासारखं थोडंच उरतं. उलट पहिल्याच अवस्थेत, रात्रीची झोप मोडत असताना, "इंजेक्शन म्हणजे शेवटचा उपाय" असं म्हणून ते टाळतात. माझ्या मते रात्री झोप लागत नाही आणि व्यायाम करता येत नाही, ही इंजेक्शनबद्दल विचारण्याची योग्य वेळ आहे.

तिसऱ्या अवस्थेत, हात रोज थोडा थोडा सुटत असेल तर, इंजेक्शनची गरज सहसा नसते.

## ३. कोणतं इंजेक्शन, हे नावानिशी समजून घ्या

सांध्यातलं स्टिरॉइड. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. ट्रायॲमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, बहुधा ४० मिलिग्रॅम, सोबत बधिर करणारं लिग्नोकेन. औषध दुधासारखं पांढरट असतं आणि कुपी ठेवून दिली की तळाशी बसतं, म्हणून ते भरण्याआधी हलवतात. खांद्याच्या मागच्या बाजूने सुई सांध्यात नेतात. काही डॉक्टर हाडाच्या खुणा चाचपून देतात, काही सोनोग्राफीत पाहून. सोनोग्राफीचा फायदा म्हणजे सुई नेमकी कुठे पोचली ते दिसतं. आपल्याकडे पीसीपीएनडीटी (गर्भलिंग तपासणीला मनाई करणाऱ्या) कायद्यामुळे नोंदणीशिवाय सोनोग्राफी मशीन ठेवता येत नाही, त्यामुळे बऱ्याच ऑर्थोपेडिक दवाखान्यांत ते नसतं. डॉक्टरांनी तुम्हाला रेडिओलॉजिस्टकडे पाठवलं तर ती टाळाटाळ समजू नका.

हायड्रोडायलेटेशन. स्टिरॉइड आणि बधिर करणाऱ्या औषधाबरोबर २० ते ४० मिलिलिटर सलाईन सांध्यात भरून आक्रसलेलं आवरण आतून ताणतात. हे सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या पडद्यावर पाहूनच करतात. भरताना खांद्यात जड, फुगल्यासारखा दाब जाणवतो. वेदना आणि जखडलेपणा दोन्ही असतील तेव्हा याचा विचार होतो.

सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह ब्लॉक. खांद्याच्या सांध्याची सुमारे ७० टक्के संवेदना एका नसेवाटे जाते. खवाट्याच्या वरच्या भागात त्या नसेजवळ औषध देतात. सुई सांध्यात जात नाही. वेदना इतकी की फिजिओला हातही लावू देत नाही, अशा रुग्णांना याचा चांगला उपयोग होतो. यातही बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, तेव्हा डायबेटिस असणाऱ्यांनी ते विचारून घ्यावं. यानंतर दम लागला किंवा श्वास घेताना छातीत दुखलं तर लगेच दवाखाना गाठायचा. सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागण्याचा धोका विरळा आहे, पण आहे.

पीआरपी आणि हायलुरॉनिक ॲसिड. पीआरपीमध्ये तुमच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग वापरतात. त्याबद्दल काही अभ्यासांचे निष्कर्ष आशादायक आहेत, पण पीआरपी तयार करण्याची पद्धत सगळीकडे सारखी नाही आणि खर्च बराच. हायलुरॉनिक ॲसिड म्हणजे सांध्यातल्या वंगणासारखं औषध, त्याचा फ्रोझन शोल्डरमध्ये स्टिरॉइडपेक्षा जास्त फायदा दिसलेला नाही. पहिल्या भेटीतच महागडं पॅकेज सुचवलं गेलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

सर्रास होणारी चूक: कमरेत किंवा दंडात घेतलेलं "दुखण्याचं इंजेक्शन" म्हणजे सांध्यातलं इंजेक्शन नव्हे. बोट ठेवून "इथे दुखतं" म्हटलं आणि तिथेच टोचलं, हेही नव्हे. फ्रोझन शोल्डरची कळ दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवते, पण आजार सांध्याच्या आवरणात असतो. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचारा: "हे सांध्याच्या आत देणार की बाहेर?"

## ४. इंजेक्शनच्या आधीचे आठ दिवस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

शुगर. डायबेटिस असणाऱ्यांना फ्रोझन शोल्डर जास्त होतो आणि चिवटही असतो, तेव्हा इंजेक्शन घेणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असते. सांध्यात दिलेलं स्टिरॉइड थोडं रक्तात उतरतंच. त्यामुळे पहिल्या दिवसापासून शुगर चढते आणि दोन ते पाच दिवस, कधी आठवडाभर चढलेली राहते. म्हणून तीन गोष्टी आधी करा. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) ताजं करून घ्या आणि तो कागद ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. आकडा फार वर असेल तर ते आधी शुगर आटोक्यात आणायला सांगतील. डायबेटिसच्या डॉक्टरांना इंजेक्शनची तारीख कळवा आणि शुगर वाढली तर गोळी किंवा इन्सुलिन किती बदलायचं ते लिहून घ्या. घरी ग्लुकोमीटर आणि पुरेशा स्ट्रिप्स आणून ठेवा. डायबेटिस कधी निघालेला नाही, पण वय चाळीसच्या पुढे आणि खांदा आखडलेला, अशांनीही एकदा शुगर तपासून घ्यावी. खांद्याच्या निमित्ताने डायबेटिस पहिल्यांदा सापडलेले लोक मी पाहिले आहेत. थायरॉइडचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या.

चालू औषधं. सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने खांद्याच्या सुईसाठी गोळी थांबवणं हा सुईपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. वॉर्फरिन घेत असाल तर ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) लागेल. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर संकोच न करता डॉक्टरांना एकांतात सांगा. त्यातल्या काही औषधांमुळे, उदाहरणार्थ रिटोनाव्हिरमुळे, ट्रायॲमसिनोलोन शरीरात साठत जातं आणि गंभीर त्रास होऊ शकतो. पीआरपी घेणार असाल तर डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, ते विचारा.

जंतुसंसर्ग. दाढेला पू, गळू, लघवीची जळजळ, ताप, खांद्यावर पुरळ किंवा जखम असेल तर इंजेक्शन पुढे ढकला. "अँटिबायोटिक चालू आहे, चालेल" असं स्वतः ठरवू नका.

ॲलर्जी. दाताच्या डॉक्टरांकडे हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन घेतल्यावर कधी चक्कर, पुरळ किंवा धाप लागली होती का, ते आठवा. लिग्नोकेन त्याच जातीचं औषध आहे. काचबिंदू, वाढलेला रक्तदाब, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं, हेही सांगायचं.

व्यायामाची व्यवस्था. फिजिओथेरपिस्टची पहिली भेट इंजेक्शनच्या आधी घ्या. खांद्याचे कोन, म्हणजे हात कोणत्या दिशेला किती जातो, ते मोजून घ्या आणि चार व्यायाम चांगल्या हाताने शिकून घ्या. इंजेक्शननंतरची भेट तिसऱ्या-चौथ्या दिवसाची ठरवून टाका. इंजेक्शननंतर "बघू, आधी आराम पडू दे" म्हणणारे लोक महिन्याने येतात आणि तो महिना फुकट गेलेला असतो.

तारीख निवडताना घरातलं कॅलेंडर पाहा. गणपती, दिवाळी किंवा घरच्या लग्नाच्या तोंडावर इंजेक्शन घेऊ नका. त्या दिवसांत गोडधोड पोटात जातं, कामाचा रगाडा असतो आणि व्यायामाला दहा मिनिटं मिळत नाहीत. घरातल्या बायकांच्या बाबतीत तर हे नेहमीच घडतं: दुखणं थांबलं की सगळ्यांना वाटतं आता हात बरा झाला, आणि पाण्याच्या कळशीपासून फराळाच्या घाण्यापर्यंत सगळं पुन्हा त्यांच्या वाट्याला येतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पुढचे सहा आठवडे व्यायामाची वेळ ठरलेली आहे.

पुढे जाण्याआधी तपासा: एचबीए१सीचा कागद, औषधांची यादी, फिजिओची पुढची तारीख. तिन्ही हातात नसतील तर तारीख आठ दिवस पुढे न्या. खांद्याला त्याने फरक पडत नाही.

## ५. इंजेक्शनच्या दिवशी

उपाशी जायचं नाही. डॉक्टरांनी खास सांगितलं नसेल तर नेहमीसारखं खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन जा. पुढे बटण असलेला सैल शर्ट किंवा ब्लाउज घाला, डोक्यातून काढायचा कुर्ता नको. सोबत कोणीतरी असू द्या, कारण हात काही तास बधिर राहतो आणि परतताना स्कूटर चालवता येत नाही.

डॉक्टर हात धुऊन हातमोजे घालतात, खांद्याची जागा जंतुनाशकाने पुसून वाळू देतात, सिरिंज आणि सुई तुमच्यासमोर नवी फोडतात. असं होताना दिसलं नाही तर विचारायला लाजू नका. घरी येऊन देणाऱ्या कंपाउंडरकडून सांध्यात इंजेक्शन घेणं हा विषयच नको. सांध्यात जंतू गेले तर ऑपरेशन करून सांधा धुवायची पाळी येते.

सुई आत असताना खांदा सैल सोडा. श्वास रोखून खांदा कानाकडे उचलला की सांध्यातली जागा अरुंद होते. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम असतं. हायड्रोडायलेटेशनला थोडा जास्त वेळ लागतो. नंतर अर्धा तास तिथेच बसा.

निघण्याआधी एक कागद मागून घ्या. त्यावर चार गोष्टी लिहून घ्या: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या जागी आणि तारीख. "कसलं तरी एक इंजेक्शन घेतलं होतं" एवढ्या माहितीवर पुढच्या डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

## ६. पहिले दोन दिवस

वेदनेचा चढउतार आधी माहीत असला तर घाबरायला होत नाही. सुईनंतर काही मिनिटांत खांदा हलका वाटतो. तो बधिर करणाऱ्या औषधाचा परिणाम असतो आणि काही तासांत उतरतो. रात्री दुखणं परत येतं, काहींना तर आधीपेक्षाही जास्त. स्टिरॉइडचा खरा परिणाम दोन-तीन दिवसांनी सुरू होतो, कधी आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशी "इंजेक्शन फुकट गेलं" असा निष्कर्ष काढू नका.

त्या पहिल्या काही तासांत हात बधिर असतो, तेव्हा "बघू किती वर जातो" म्हणून जोर लावू नका. वेदना हा इशारा असतो आणि तो तात्पुरता बंद केलेला असतो. पहिले दोन दिवस जड उचलणं, कपडे पिळणं, झाडलोट, जिम बंद. पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका. हलकी रोजची कामं चालू द्या. ठणका वाढला तर रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या. मालिश नको.

चेहरा लाल, गरम होणं, एखादी रात्र झोप न लागणं, पाळी पुढेमागे होणं, हे होऊ शकतं आणि आपोआप थांबतं. काही आठवड्यांनी सुईच्या जागी कातडी फिकट पडलेली किंवा किंचित खोलगट दिसली तर पुढच्या भेटीत दाखवा.

डायबेटिस असेल तर निदान पाच दिवस सकाळी उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी शुगर मोजून वहीत लिहा. ३०० च्या वर गेली, खूप तहान-लघवी सुरू झाली किंवा उलट्या झाल्या तर डॉक्टरांना लगेच फोन करा.

सावधान: इंजेक्शनचा ठणका दोन-तीन दिवसांत उतरणीला लागतो. त्यानंतरही दुखणं वाढत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, खांदा लाल-गरम-सुजलेला असेल, हात किंचितही हलवता येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. सांध्यात पू होणं विरळा, पण त्यात प्रत्येक तास मोलाचा असतो. अशा वेळी स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका, त्याने तपासणीत जंतू सापडत नाहीत.

## ७. पुढचे सहा आठवडे: मुदतीचा वापर

रोज एकदा पाऊण तास घाम गाळण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा पाच-सात मिनिटं, हे या खांद्याला मानवतं. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घ्या किंवा गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर लगेच करा.

लोलकासारखा व्यायाम दुसऱ्या दिवसापासून चालतो. चांगल्या हाताने टेबल धरा, कमरेतून पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या आणि अंग हलवून तो झुलू द्या. चूक अशी होते की लोक हातच जोरात फिरवतात. हात झुलला पाहिजे, फिरवायचा नाही. तांब्या किंवा डंबेल धरायचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, म्हणजे ठणका उतरल्यावर, खरे ताण सुरू होतात. पाठीवर झोपा, दुखऱ्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, दोन्ही हातांत आडवी काठी धरा (लाटण्यापेक्षा लांब हवी, छत्री चालते). चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा हात बाहेरच्या बाजूला न्या. कोपर बरगडीपासून सुटू द्यायचं नाही. ताण जाणवला की दहा सेकंद थांबा, दहा वेळा. मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन, कारण आधी आणि सर्वात जास्त अडकते ती हीच हालचाल, आणि लोक तोच व्यायाम सोडून फक्त हात वर करत बसतात.

त्यानंतर पाठीवर झोपूनच चांगल्या हाताने मनगट धरून दुखरा हात डोक्याकडे नेणं. मग टेबलापुढे बसून फडक्यावर हात ठेवून पुढे सरकवणं. भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम सगळ्यांना माहीत असतो, पण तो करताना आरशात पाहा: खांदा कानाकडे उचलला जात असेल तर हात सांध्यातून वर जातच नाहीये, नुसता खवाटा सरकतोय. तितकं वर जायचं नाही, खांदा खाली राहील तेवढंच.

पाठीमागे टॉवेल धरून हात वर ओढण्याची घाई बायकांना फार असते, कारण हुक लावणं अडलेलं असतं. तो सर्वात शेवटी. पहिले दोन-तीन आठवडे त्याच्या वाटेला जाऊ नका. आवरण अजून चिडलेलं असतं आणि या एका व्यायामाने कमावलेली झोप पुन्हा जाते.

किती ताण द्यायचा, याचं मोजमाप असं: दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालतं. व्यायामानंतर अर्ध्या तासात ते उतरलं पाहिजे. रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, पण बंद करू नका. "जितकं दुखेल तितकं सुटेल" ही समजूत खांद्याला घातक आहे. शेजारच्या कोणी धरून जोराने हात वर खेचणं तर अजिबात नको. अशाने हाड मोडल्याचीही उदाहरणं आहेत, विशेषतः हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर बायकांत.

प्रगती डोळ्यांना दिसली की व्यायाम टिकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. दर रविवारी चौकटीला बोटं टेकवून हात वर न्यायचा आणि पोचेल तिथे रेघ, शेजारी तारीख. तिसऱ्या आठवड्यातली रेघ जवळपास दुसऱ्याच्या जागीच पडली होती. त्या हिरमुसून म्हणाल्या, "काही होत नाहीये हो." चौथ्याच्या रेघेला मात्र चार बोटं अंतर होतं. खांदा असाच टप्प्याटप्प्याने सुटतो, रोज सारखा सुटत नाही.

झोपताना दुखऱ्या कुशीवर नको. पाठीवर झोपलात तर कोपराखाली उशी, चांगल्या कुशीवर झोपलात तर छातीपुढे उशी घेऊन त्यावर दुखरा हात.

तपासा: दोन आठवडे झाले तरी रात्रीचा ठणका जराही कमी झालेला नसेल, तर सहा आठवडे थांबू नका. औषध सांध्यात पोचलं नसेल किंवा निदान वेगळं असेल. डॉक्टरांकडे परत जा.

## ८. सहा आठवड्यांनी काय ठरवायचं

पुन्हा कोन मोजा आणि पहिल्या मोजमापाशेजारी लिहा. वेदना कमी आणि हात सुटतोय, असं असेल तर दुसऱ्या इंजेक्शनची गरज नाही. व्यायाम चालू ठेवा. हात सुटायला लागला होता पण वेदना परत आली, तर दुसरं इंजेक्शन किंवा हायड्रोडायलेटेशन यावर डॉक्टरांशी बोला. एकाच सांध्यात वर्षाला साधारण तीनपेक्षा जास्त स्टिरॉइड इंजेक्शनं देणं डॉक्टर टाळतात. म्हणून एका डॉक्टरांकडे घेतलेलं दुसऱ्यापासून लपवू नका. आणि पहिल्या इंजेक्शननंतर व्यायाम झालाच नसेल, तर दुसरं घेण्याआधी ते खरं सांगा. नाहीतर पुन्हा दोन महिन्यांनी तिथेच याल.

वेदना गेली, व्यायामही नियमाने झाला, तरी हात महिनोन् महिने जखडलेलाच आहे, तेव्हा भूल देऊन खांदा सोडवणं किंवा दुर्बिणीतून आवरण कापणं हे पर्याय पुढे येतात. त्यासाठी उतावीळ होण्याचं कारण नाही. ब्रिटनमधल्या यूके फ्रॉस्ट या चाचणीत ५०३ रुग्णांवर हे दोन्ही मार्ग आणि स्टिरॉइड इंजेक्शनसह आखीव फिजिओथेरपी अशी तुलना झाली. २०२० साली तिचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. वर्षभराने पाहिलं तर तिघांपैकी कोणताही मार्ग इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नव्हता.

तरीही ऑपरेशन ठरलंच, तर शेवटच्या इंजेक्शनची तारीख सर्जनला आधी सांगा. स्टिरॉइडनंतर लगेच ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून मध्ये किती आठवडे ठेवायचे हे ते त्या तारखेवरून ठरवतात. पाचव्या टप्प्यात मागून घेतलेला कागद तेव्हा सोबत न्या, आणि आधी-नंतरच्या कोनांचं मोजमापही.